कुठं निघालात, बाई?

मैत्रिणींनो, आपल्याकडं गावात एक पद्धत आहे. हातात पिशवी घेऊन बाई एसटी स्टँडवर उभी दिसली, की ओळखीचं माणूस थांबून विचारतंच, "कुठं निघालात, बाई?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपली उत्तरंही ठरलेली असतात. माहेरी. पुतण्याच्या लग्नाला. सोलापूरला दवाखान्यात. तुळजापूरला, गाणगापूरला, पंढरपूरला. उत्तर ऐकलं की विचारणारा मान डोलावतो आणि आपल्या वाटेनं जातो.

लग्न होऊन मी मंद्रूपला आले त्याला आता तीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत या प्रश्नाला मी कधी अडखळले नव्हते. एकदाच अडखळले. तो दिवस होता ४ मार्च २०२३, शनिवार. माझ्यासोबत धाकट्या जावेची बारा वर्षांची लेक होती. पिशवीत शेंगापोळ्या, कडक भाकरी आणि चटणी होती. सोलापूरला जाणाऱ्या वडापची वाट बघत आम्ही विजापूर रोडला उभ्या होतो. तेवढ्यात माझ्याकडं नेहमी ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या एक काकू आल्या आणि त्यांनी विचारलं, "कुठं निघालात, बाई?"

खरं उत्तर होतं, "मुंबईला. क्रिकेटची मॅच बघायला. स्मृती मानधना खेळणार आहे, तिला डोळ्यांनी बघायचंय."

मी म्हणाले, "मुंबईला. महालक्ष्मीच्या दर्शनाला."

काकूंचा चेहरा उजळला. कमरेची पिशवी सोडून त्यांनी माझ्या हातावर अकरा रुपये ठेवले. "माझ्याबी नावानं देवीला नारळ फोडा."

मुंबईपर्यंत ते अकरा रुपये मला टोचत राहिले.

आता तुम्ही विचाराल, पन्नाशीला आलेल्या शिंपीणबाईला क्रिकेटचं हे वेड कुठून लागलं? सांगते. आमचा टीव्ही पुढच्या खोलीत आहे आणि माझं मशीनही तिथंच. घरातले पुरुष मॅच बघायचे आणि मी खाली मान घालून पिको-फॉल करायचे. क्रिकेट मला वर्षानुवर्षं फक्त कानानं माहीत होतं. २०१७ च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये बायकांचा विश्वचषक सुरू झाला. त्यात आपली एक पोरगी इंग्लंडविरुद्ध ९० धावांची खेळी करून गेली आणि पाच दिवसांनी वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६. मान वर करून बघितलं तर ती डावखुरी.

हे मला का लागलं, ते डावखुऱ्या बायकांनाच कळेल. मी डावखुरी आहे. लहानपणी डाव्या हातानं जेवले म्हणून मार खाल्लाय. हळदीकुंकवाला डावा हात पुढं झाला म्हणून चारचौघींत बोलणी खाल्लीत. बाजारातली कात्रीसुद्धा उजव्या हाताची असते. आणि इथं एक पोरगी डाव्या बाजूनं उभी राहून चेंडू मारत होती आणि सगळं जग टाळ्या वाजवत होतं! पुढं कळलं, ही आपल्या सांगलीत वाढलेली. भाऊ खेळायचा, त्याचं बघून हीही खेळायला लागली. नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आली. २०१३ साली गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात तिनं नाबाद २२४ धावा काढल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी ती पहिली भारतीय मुलगी. ती गोलंदाजी मात्र उजव्या हातानं टाकते, हे मला फार उशिरा समजलं. तोवर माझा जीव जडून बसला होता.

त्याच वर्षी २३ जुलैला लॉर्ड्सवर अंतिम सामना झाला. स्मृती शून्यावर बाद झाली आणि आपण नऊ धावांनी हरलो. त्या रात्री एका ब्लाउजची बाही मी उलटी शिवली.

पुढं सहा वर्षं मी तिला टीव्हीवरच बघत होते. २०२३ मध्ये बायकांची पहिली प्रीमियर लीग मुंबईत सुरू झाली. १३ फेब्रुवारीच्या लिलावात बंगळूरच्या संघानं स्मृतीला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. सगळ्यांत मोठी बोली तीच. एका संध्याकाळी माझा लेक मोबाइल बघत म्हणाला, "आई, यंदा बायकांना आणि मुलींना तिकीट फुकट आहे. जातेस का?"

तो चेष्टेत बोलला होता. मी मात्र रात्रभर जागी होते.

तिकीट फुकट होतं, हे खरं. पण बाईचा खर्च तिकिटाच्या आधी सुरू होतो. दोन दिवस स्वयंपाक कोण करणार? सासूबाईंच्या गोळ्या कोण देणार? लग्नसराईचे ब्लाउज तोंडावर आलेले. रेल्वेचा खर्च दोघींचा मिळून दोन हजारांच्या आत, म्हणजे माझ्या आठ-दहा ब्लाउजची शिलाई. ते पैसे माझे होते, मी मिळवलेले. तरीसुद्धा डब्यातून काढताना वाटलं, आपण चोरी करतोय. लेकाच्या क्लासला हजारो रुपये मोजताना असं कधी वाटलं नव्हतं.

आमचे हे म्हणाले, "जा की. पण आईला काय सांगायचं ते तुझं तू बघ." माणूस चांगला आहे. पण अडचण कुठं आहे, ते त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. सासूबाईंनी देवाला जाणाऱ्या सुनेला कधी अडवलं नाही. म्हणून मी महालक्ष्मीचं नाव पुढं केलं. पुतणीला सोबत घेतलं, कारण ती शाळेच्या मैदानावर पोरांबरोबर खेळायची आणि तिच्या घरी "आता मोठी झालीस, बास झालं" अशी कुजबुज सुरू झाली होती. मला वाटलं, बंद व्हायच्या आधी पोरीनं एकदा खरं मैदान बघावं.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं निघालो आणि रविवारी सकाळी मुंबईत उतरलो. वेळ भरपूर होता. महालक्ष्मीला जाऊन येता आलं असतं. पण मी गेले नाही. जिचं नाव बहाणा म्हणून वापरलं, तिच्यापुढं कुठल्या तोंडानं उभी राहू? विचारत विचारत आम्ही चर्चगेटकडं चालत गेलो. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून शेंगापोळी खाल्ली आणि समुद्र बघितला. पुतणीनं समुद्र पहिल्यांदाच बघितला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मोठी आई, जाताना पेढे घ्यायचे ना? प्रसाद म्हणून दाखवायला?"

मैत्रिणींनो, माझा घास घशात अडकला. मी तिला मैदान दाखवायला आणलं होतं आणि तिनं माझ्याकडून पहिलं शिकलं ते हे. बाईला हौस असली तर चालते, पण तिच्यावर देवाचं झाकण पाहिजे.

साडेतीनला ब्रेबॉर्न स्टेडियमवर सामना सुरू झाला. बंगळूर विरुद्ध दिल्ली. आत शिरल्यावर पहिली जाणीव झाली ती आवाजाची. टीव्हीवर गर्दीचा आवाज नेहमी पुरुषी ऐकलेला. इथं चौफेर बायकांचा आणि पोरींचा आवाज होता. कुणी लेकीला घेऊन आलेली, कुणी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, आणि नऊवारीतली एक आजी तर आमच्या पुढच्याच रांगेत होती. "कुणासोबत आलात?" असं तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

आणि आमची बाई? ती त्या दिवशी कर्णधार होती आणि दिवस तिचा नव्हता. दिल्लीची शफाली वर्मा आणि ऑस्ट्रेलियाची मेग लॅनिंग यांनी धुलाई सुरू केली. दोघींची भागीदारी १६२ ची. शफाली ८४, लॅनिंग ७२. वीस षटकांत २२३ धावा झाल्या. त्या शफालीचा मला इतका राग आला, की विचारू नका.

पण टीव्ही जे दाखवत नाही, ते मला त्या दिवशी दिसलं. टीव्ही चेंडूच्या मागं पळतो. मैदानात तुम्ही ज्या माणसासाठी आलात, त्याच्याकडंच बघत बसू शकता. दोन चेंडूंच्या मधल्या वेळात ती काय करते, ते मी बघत होते. चौकार गेला की क्षणभर मान खाली, लगेच वर. हात करून कुणाला मागं सरकवायचं, गोलंदाज पोरीपाशी जाऊन काहीतरी बोलायचं, टाळ्या वाजवायच्या, परत जागेवर. सगळं हातातून निसटत असताना ती उभी होती. घर चालवणाऱ्या बाईला हे ओळखीचं वाटणार नाही, तर कुणाला वाटणार?

मग ती खेळायला आली. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज प्रत्यक्षात वेगळाच येतो. आधी चेंडू सुटलेला दिसतो आणि पाठोपाठ तो टणक, कोरडा आवाज कानावर येतो. २३ चेंडूंत ३५ धावा काढून ती बाद झाली. परत जाताना आमच्या बाजूच्या पोरी उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मीही उभी राहिले, डाव्या हातानं उजव्यावर टाळ्या देत. संघ ६० धावांनी हरला. दिल्लीकडून अमेरिकेच्या तारा नॉरिसनं पाच गडी बाद केले. अमेरिका क्रिकेटमध्ये अजून रांगणारा देश, आणि या लीगमध्ये एका डावात पाच गडी बाद करणारी पहिली तीच.

परतीच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो होतो, तेव्हाची गंमत दुसऱ्या दिवशी पेपरात वाचली. त्याच रात्री नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दुसरा सामना चालला होता. त्यात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे हिनं ५३ धावा केल्या आणि तिचा संघ जिंकला. आपल्याच जिल्ह्याची पोर! आम्ही सांगलीची बघायला गेलो आणि सोलापूरची राहून गेली. पुतणी म्हणाली, "म्हणजे आपल्याकडनंपण जाता येतं की." त्या सगळ्या प्रवासातलं हे वाक्य मला सगळ्यांत महाग वाटतं.

सोमवारी सकाळी घरी पोचलो. होळीचा दिवस होता. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी नेहमीसारखा हात पुढं केला, "आण प्रसाद." पुतणी माझ्या तोंडाकडं बघत होती. पेढे मी घेतले नव्हते. म्हणाले, "आत्या, मी देवीला गेले नव्हते. मॅच बघायला गेले होते. खोटं बोलले."

त्यांनी हात मागं घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "जिंकली का तुझी बाई?"

"नाही, हरली."

"आन् मग येवढ्या लांब जाऊन काय घावलं?"

त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या, हेही सांगते. काकूंचे अकरा रुपये परत द्यायला गेले, तेव्हा त्याही हसल्या नाहीत. "देवीच्या नावानं असं करू नये, बाई," एवढंच म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. पण "काय घावलं?" हा सासूबाईंचा प्रश्न मी तेव्हापासून मनात घोळवते आहे, आणि आजचा हा लेख त्याचंच उत्तर आहे.

आवडत्या खेळाडूला बघायला दूरवर जाणं हे काही माझ्या एकटीचं वेड नाही. जपानमध्ये युझुरू हान्यू नावाचा फिगर स्केटर आहे. पायात पाती लावलेले बूट घालून, संगीताच्या तालावर, बर्फावर गिरक्या आणि उड्या घेण्याचा हा खेळ. २०१४ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यानं मिळवली. त्याच्या चाहत्यांत बायका भरपूर. अगदी आपल्या वयाच्या, आपल्याहून मोठ्यासुद्धा. तो स्पर्धेत उतरायचा तेव्हा त्याला बघायला त्या देशोदेशी जायच्या आणि त्याचा नाच संपला, की पिवळ्या अस्वलाच्या बाहुल्यांचा बर्फावर पाऊस पाडायच्या. आम्ही ब्रेबॉर्नला गेलो त्याच्या आदल्याच रविवारी, २६ फेब्रुवारी २०२३ ला, टोकियो डोममध्ये त्याचा एकट्याचा कार्यक्रम झाला. बघायला ३५ हजार माणसं होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. त्यातल्या किती जणी घरी काय सांगून आल्या असतील, असंही मनात आलं.

तर, काय घावलं? एक म्हणजे, बघणारं कुणी असेल तरच खेळ जगतो. आपल्याकडं बायकांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा १९७३ साली पुण्यात भरली, तेव्हा संघ होते तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. बायकांचं क्रिकेट बीसीसीआयकडं आलं ते २००६ मध्ये. पुरुषांइतकं मानधन एका सामन्यामागं मिळेल, हे जाहीर व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. मधली सगळी वर्षं पोरी खेळतच होत्या. बघणाऱ्या कमी होत्या. कारण बघणाऱ्या आपापल्या मशीनवर खाली मान घालून बसल्या होत्या, माझ्यासारख्या.

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. बाईचं घराबाहेर पडणं आपल्याकडं नेहमी कुणासाठी तरी असतं. लेकरासाठी, आजाऱ्यासाठी, देवासाठी. यातलं काहीच वाईट नाही. पण "मला आवडतं म्हणून" हे कारण आपण स्वतःच लाजेनं पदराआड धरतो. पुरुष मित्रांबरोबर मॅचला जातो, कुस्त्यांच्या फडाला जातो, तेव्हा "काय घावलं?" असं त्याला कुणी विचारत नाही. आणि आपण लपवलं, की आपल्या मागं उभी असलेली बारा वर्षांची पोर तेच शिकते. मग उद्या तिला खेळायचं असलं तरी ती खोटंच बोलणार. आणि लपवून मिळवलेल्या गोष्टीची सवय लागते, तिचा हक्क तयार होत नाही.

फुकट तिकिटाबद्दलही थोडं बोलते. त्या वर्षी आमच्यासारख्या कितीतरी जणी त्या फुकट तिकिटामुळंच आत शिरल्या. पहिल्या वेळेला ते हवंच होतं. पण फुकट मिळालेल्या गोष्टीची घरात किंमत राहत नाही. "फुकट होतं म्हणून गेली" असंच म्हणतात. पुढच्या वेळेला मी तिकीट विकत काढणार आहे. शिलाईच्या पैशातून, सगळ्यांना सांगून.

आता शेवटची गोष्ट. स्मृतीचा संघ त्या पहिल्या वर्षी ओळीनं पाच सामने हरला आणि पुढच्याच वर्षी, १७ मार्च २०२४ ला, तिनं कर्णधार म्हणून ती लीग जिंकली. २०२५ चा विश्वचषक तर तुम्ही सगळ्यांनी बघितलाच असेल. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामना होता. आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत. पण त्या रात्री आमच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या दहा-बारा जणी जमल्या होत्या. पावसानं सामना उशिरा सुरू झाला. स्मृती ४५ धावांवर बाद झाली, तसं सासूबाई म्हणाल्या, "झालं. गेली तुझी बाई. आता झोपा."

कुणी झोपलं नाही. कारण समोर शफाली खेळत होती. हो, तीच, जिच्यावर मी ब्रेबॉर्नला दात-ओठ खाल्ले होते! त्या रात्री तिनं ८७ धावा काढल्या. दीप्ती शर्मानं अर्धशतकही केलं आणि पाच गडीही बाद केले. मध्यरात्रीच्या सुमाराला आपण दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. बायकांचा विश्वचषक पहिल्यांदा आपल्या देशात आला. बाहेर कुणीतरी फटाके लावले. सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या, पण माझ्याकडं बघून एवढंच म्हणाल्या, "आता दिवे मालवा. सकाळी पाणी यायचंय."

पुतणी अजून खेळते. तिच्या घरची कुजबुज पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. कधी अभ्यासाचं कारण निघतं, कधी उन्हाचं. पण परवा ती बॅट घेऊन निघाली, तेव्हा नाक्यावर कुणीतरी विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"खेळायला," ती म्हणाली आणि पुढं गेली.

मैत्रिणींनो, तुमची आवड क्रिकेटच असायला हवी, असं नाही. कुणाला एखादी गायिका ऐकायची असेल, कुणाला नाटक बघायचं असेल, कुणाला लावणी. बेत ठरवा, पैसे बाजूला टाका, मैत्रीण किंवा लेक सोबत घ्या. आणि स्टँडवर कुणी "कुठं निघालात, बाई?" असं विचारलं, तर खरं तेच सांगा.